गीत : समस्त ग्रामस्थ

पारनेरला तहसील कचेरीच्या समोर माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, सगळं. साइट बंद पडली की बाकीचे दुकानदार 'सर्व्हर डाऊन' अशी पाटी लावून चहाला जातात. मी खुर्ची सोडत नाही. तालुक्यात माझ्याएवढं चिकट माणूस दुसरं नाही, असं माझे मिस्टर म्हणतात. कौतुकानं म्हणतात की वैतागून, ते मी कधी विचारलेलं नाही. आधारवर चुकलेली जन्मतारीख, सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं रेशनकार्ड, असले गुंते मी सोडवलेत.

दुकानात माझा एकच नियम आहे. गिऱ्हाइकाला 'बघते' म्हणायचं नाही. होणार असेल तर होईल म्हणून सांगायचं, नसेल तर नाही होणार म्हणून तोंडावर सांगायचं. सरकारी कचेऱ्यांत 'बघतो' हा शब्द ऐकून ऐकून माणसं म्हातारी झालेली मी पाहिलीत. तो शब्द मला शिवीसारखा लागतो.

एवढ्या वर्षांत मला एकच फॉर्म भरता आला नाही. तो माझ्या वडिलांचा होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पारनेरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचे शिपाई होते. कचेरी झाडायची, घरपट्टीच्या नोटिसा वाटायच्या आणि भोंग्यावरून गावाला वर्दी द्यायची, ही त्यांची कामं. त्यातलं शेवटचं काम ते जीव ओतून करायचे. नुसतं 'पाणी सुटणार आहे' असं त्यांनी कधी सांगितलं नाही. "पाणी सुटलंय खालच्या आळी, हंडं घिऊन या सकाळी सकाळी," असं काहीतरी जुळवायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या आधी पुढची ओळ ओरडायचो. जत्रेची पत्रकं, कुस्त्यांचे फलक, शोकसभेचा मजकूर, सगळं त्यांच्याच हातचं. आणि प्रत्येकाच्या खाली शेवटी एकच ओळ : आपले नम्र, समस्त ग्रामस्थ. पगाराचं रजिस्टर सोडलं तर अण्णांनी आपलं नाव कशाखाली लिहिलेलं मला आठवत नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी आमच्या दोन एकरांत पहिल्यांदा वाटाणा केला होता. गावात तेव्हा दोन-तीन जणांनीच तो धाडसाचा उद्योग केला होता. बाकीचे ज्वारी आणि मुगावर समाधानी होते. माझ्या हळदीच्या दिवशी बायका त्याच त्याच गाण्यांवर अडकल्या, तेव्हा अण्णांनी खिशातून पाठकोऱ्या नोटिशीचा कागद काढला आणि आत्याच्या हातात दिला. म्हणाले, "हे म्हना. चाल तुमीच लावा, न्हाईतर भजनातली एखांदी घ्या."

वाटाण्याच्या शेंगंत दाणं बाई सात,
सात घरच्या बाया हिला हळद लावत्यात.

अशी चार कडवी होती. आत्यानं भजनातली चाल थोडी पळती केली आणि बायकांनी ते उचललं. शेवटचं कडवं म्हणताना मात्र मांडवात कुणाला नीट म्हणता येईना :

साऱ्या गावा हाळी देतो हिचा बाप बाई,
आज त्याच्या तोंडामधून शब्द फुटत न्हाई.

मी पाटावर बसून रडत होते आणि अण्णा मांडवाच्या मेढीला टेकून चुन्याची डबी उघडझाक करत होते. त्या दिवशी ते माझ्याशी खरंच एक शब्द बोलले नाहीत.

गाणं पसरलं. आमच्या गावच्या मुली ज्या गावी नांदायला गेल्या, तिथं ते गेलं. पुढं मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हा संगमनेरचा एक कॅसेटवाला जीपमधून यंत्र घेऊन आला. शाळेच्या खोलीत पोती टांगून त्यानं बायकांना गायला लावलं. शेवटचं कडवं त्यानं काढून टाकलं. "हे रडवतंय मावशी, लोकांना नाचायचंय," म्हणाला. मग कागद काढला आणि विचारलं, गाणं कुणाचं म्हणून लिहू?

अण्णा दारातच उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "गावाचं हाय. ल्हिवा, समस्त ग्रामस्थ." आणि खाली गावाच्या वतीनं सही करून मोकळे झाले.

मला खोटं लिहायचं नाही. मांडीवर लेक घेऊन मी तिथंच बसले होते आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता. आमच्याकडं भल्या माणसानं असंच बोलायचं असतं. 'मी केलं' म्हणणारा माणूस आमच्याकडं उथळ समजतात. कॅसेटवाल्यानं बायकांना साड्या दिल्या, अण्णांना टोपी-टॉवेल आणि नारळ दिला. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'. समस्त ग्रामस्थ आणि पारंपरिक यांत त्याला काही फरक वाटला नसणार. आम्हालाही तेव्हा वाटला नाही.

मग बरीच वर्षं गेली. कॅसेटी गेल्या. कॅसेटवाल्याची सगळी गाणी मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीनं घेतली, जुन्या गाण्यावर ढोल-ताशा चढवला, आणि अचानक आमचा वाटाणा महाराष्ट्रभर उगवला. मोबाईलवर, रेडिओवर, टीव्हीच्या मालिकेतल्या लग्नात, पुणे रस्त्यावरच्या हॉटेलात. माझ्या दुकानासमोरून जाणाऱ्या टेम्पोतसुद्धा तेच. मला गंमत वाटायची. अण्णांना काय वाटायचं, ते ते बोलले नव्हते.

गेल्या वर्षी भिंगारला नात्यातल्या एका मुलीची हळद होती. डीजेवाल्यानं ते गाणं तिसऱ्यांदा लावलं तेव्हा अण्णा काठी टेकत त्याच्याजवळ गेले. त्यांना आता सत्तर कधीच उलटून गेलीत. मी मागून पोचले तोवर त्यांचं बोलून झालं होतं.

"माझं हाय हे गानं," ते म्हणाले होते.

डीजेवाला माझ्याच वयाचा, चांगला नम्र माणूस होता. त्यानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "बाबा, हे बघा, पारंपरिक ल्हिलंय. म्हंजी आपल्या आज्या-पंज्याच्या बी आदीचं." आजूबाजूचे हसले. अण्णाही हसले. मी त्यांचा हात धरून त्यांना जेवायच्या पंगतीत नेलं, आणि त्यांनी जिलबी मागून घेतली, म्हणून मला वाटलं, झालं गेलं विसरले.

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं ते पारनेरला आले. सरळ माझ्याकडं न येता दुकानातल्या बाकड्यावर रांगेत बसले. पुढचे चार जण झाले, मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "तू साऱ्या तालुक्याचे फार्म भरतीस. माझा बी एक भर. त्या गान्यावर माझं नाव पायजे. पैसं नसलं तरी चालंल."

जन्मात या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "होईल अण्णा. आणि पैसे का नकोत? पैसेही आणते." एवढ्या खात्रीनं मी पीकविम्याचंसुद्धा कुणाला सांगत नाही.

शोधलं तेव्हा कळलं की गाण्यांचे पैसे गोळा करून वाटणारी संस्था मुंबईत आहे. फोनवर एक मराठी गृहस्थ भेटले. माणूस इतका सभ्य होता की मला त्याच्यावर चिडताही येईना. त्यांनी समजावून सांगितलं. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, मोबाईलवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या या संस्थेकडून परवाना घेतात आणि त्याचे पैसे भरतात. कुठली गाणी वाजली त्याच्या याद्या येतात. मग गाण्याच्या नोंदीत पाहायचं : शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रकाशक कोण. हा प्रकाशक पुस्तकवाला नव्हे, गाण्याचे हक्क ज्याच्याकडं आहेत तो. साधारण अर्धे त्याला, अर्धे शब्द आणि चाल करणाऱ्यांना.

"आणि लग्नात वाजलं तर?" मी विचारलं.

"लग्नाला कायद्यानंच सूट आहे, ताई. हळद, वरात, तिथं वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही."

म्हणजे ज्या जागेसाठी गाणं लिहिलं, ती एक जागा सोडून बाकी सगळीकडं त्याचे पैसे होते. मी हसले. मग त्यांनी सांगितलं की लिहिणाऱ्यानं हक्क विकून टाकले असले, तरी त्याचा हा वाटा विकला जात नाही, आता कायदा तसा आहे. मी खुर्चीत सरळ बसले.

"पण ताई, आधी लिहिणारा तर असायला हवा ना. तुमच्या गाण्याला तो नाहीच. पारंपरिक म्हटलं की शब्दांचा वाटेकरी संपला."

"आहे की. इथं माझ्यासमोर बाकड्यावर बसलाय, शेंगदाणे खातोय."

"कागदावर, ताई."

मग मी भांडले. म्हणाले, अहो, हे पारंपरिक असेल कसं? आमच्या गावात वाटाणा आला माझ्या लग्नाच्या वर्षी. माझ्या पणजीनं वाटाण्याची शेंग डोळ्यांनी पाहिली नव्हती, ती गाण्यात कुठून घालेल? ते गृहस्थ म्हणाले, मला पटतंय, पण हे मी फायलीत कसं लावू? मी म्हणाले, मग 'समस्त ग्रामस्थ' तरी लिहा. त्यावर ते म्हणाले, "संस्थेचा सभासद माणूस होतो हो. गाव होत नाही."

संगमनेरला गेले. कॅसेटवाला वारला होता. त्याच्या मुलानं मला पाणी दिलं, चहा दिला आणि माळ्यावरची फाईल काढून तो कागदही दाखवला. 'गीत : समस्त ग्रामस्थ', आणि खाली अण्णांची ती गोल, काळजीपूर्वक केलेली सही. तो म्हणाला, "तुमच्याच वडलांनी सांगितलंय ना की गावाचं आहे? मग आता गावानं लिहून द्यावं की त्यांचं आहे. मी तो कागद वर, मुंबईच्या कंपनीला पाठवतो. आमचं काय जातंय?" त्याचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात मला एकही चुकीचा माणूस भेटला नाही, हेच मला खुपतं. कुणी नालायक भेटला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

गावाचं पत्र म्हणजे तर हातचा मळ, असं मला वाटलं. गाणं अण्णांचं आहे हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. सरपंच माझ्या वर्गात होता. मी मजकूर टाइप करूनच नेला. त्यानं वाचला, खूश झाला आणि म्हणाला, "ताई, हे असं गुपचूप कशाला? मानाची गोष्ट हाय. ग्रामसभंत घिऊ."

ग्रामसभा देवळासमोर भरली. मी दुकान बंद ठेवून गेले होते. अण्णा पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून बसले होते. सरपंचानं पत्र वाचलं. भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "शब्द अण्णाचं, ह्यात वाद न्हाई. पर चाल आमच्या भजनाची हाय, ती बी ल्हिवा." ते खरंच होतं. मग एक मावशी उठली. "सात घरच्या बाया कोन? आमीच की. त्यातल्या दोगी राहिल्यात आता. आमाला बगूनच ल्हिलं त्यानं." तेही खरं होतं. मग मागून कुणीतरी विचारलं, "पैसं किती येत्याल?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"फार्मवाली बाई म्हनती म्हाईत न्हाई, म्हंजी लई असनार," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण त्यानंतर सभेचं बोलणं बदललं. सभामंडपाचं काम दोन वर्षं अर्धवट पडलं होतं. कागदावर समस्त ग्रामस्थ आहे, अण्णांचीच सही आहे, मग पैसा देवळाला यायला काय हरकत, असं निघालं. मी उठून सांगायला लागले की अहो, गावाच्या नावावर तिथं पैसे देत नाहीत, माणूस लागतो, नाहीतर कुणालाच काही मिळणार नाही.

सरपंचानं मला हात जोडले. "ताई, बस तू. मान हाय तुझा, माहेरवाशीन हायेस. पर तुझं नाव आता तिकडच्या यादीत. सभंत बोलता न्हाई यायचं तुला."

लग्नानंतर मतदार यादीतलं नाव सासरी हलवायचे फॉर्म मी शेकड्यानं भरलेत. प्रत्येक मुलीला मी बजावते, हे लगेच कर, पुढं अडचण नको. मी खाली बसले.

"अण्णानं बोलावं," बुवा म्हणाले. "त्याला काय वाटतंय?"

अण्णा उठले. मी मनात म्हणत होते, म्हणा, एकदा म्हणा, माझं आहे. भिंगारला परक्या डीजेवाल्यासमोर म्हणालात ना? पण ते परकं माणूस होतं. इथं समोर सगळा गाव बसला होता, ज्याच्या वतीनं ते तीस वर्षं बोलले होते. त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, हात जोडले आणि खाली बसले. ते लोकांनी संमती म्हणून धरलं, आणि ठराव झाला.

ठराव टाइप करायलाही माझ्याकडंच आला. गावाचं सगळं टाइपिंग माझ्याकडंच असतं. 'सदर गीत हे समस्त ग्रामस्थांचे असून त्याची संपूर्ण मालकी गावाची राहील,' हे वाक्य मी माझ्या बोटांनी लिहिलं. नाही म्हणता आलं असतं. पण मग ते दुसऱ्या दुकानात गेले असते, आणि अण्णांना गावात राहायचं होतं. मला माझी इतकी चीड कधीच आली नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी अण्णांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. सरपंच भोंग्यावर म्हणाला की आपल्या गावाचा आवाज म्हणजे अण्णा, तर हा ठराव त्यांनीच त्यांच्या आवाजात गावाला वाचून दाखवावा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होईल.

अण्णांनी कागद घेतला, माईक घेतला. चष्मा लावला. माईकवर दोन बोटं टकटक वाजवली, ती त्यांची जुनी सवय. मग उभेच राहिले. भोंग्यातून त्यांचा श्वास तेवढा गावभर ऐकू येत होता. खूप वेळ गेला. शेवटी मी पुढं झाले, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि मी वाचला, अगदी 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ' पर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "भरून आलं बगा म्हाताऱ्याला," माझ्यामागची मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली. मग डीजेवर गाणं लागलं, तीन कडव्यांचं.

मळ्यातल्या घरी जाताना अण्णा माझ्या स्कूटीवर मागं बसले होते, मांडीवर नारळ घेऊन. दोन्ही बाजूंनी वाटाण्याची रानं होती. आता आमच्याकडं सगळेच वाटाणा करतात. बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो फार्म भरायचा राहिलाच का गं?"

तो अर्ज माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे. गीतकाराच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. पुढच्या रकान्यात पुरावा मागतात, तिथं तो थांबतो.

"बघते, अण्णा," मी म्हणाले.

ते "बरं" म्हणाले. तीस वर्षं ग्रामपंचायतीत काढली होती त्यांनी, त्या शब्दाचा अर्थ त्यांना मी काय सांगणार.